फ्लॉरेन्स नाइटिंगेल आणि घरातील लपलेली घाण

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे नाव निघाले की, रात्री हाती दिवा घेऊन जखमी शिपायांची विचारपूस करणारी परिचारिका डोळ्यांपुढे येते. शब्बाथशाळेत आम्ही त्यांची गोष्ट सांगतो, ती बहुधा तेथेच थांबते. परंतु बाईंचे खरे मोठे काम त्यानंतरचे आहे, आणि पावसाळ्यात भिंतींना ओल धरणाऱ्या आपल्या घरांना तेच अधिक उपयोगी आहे.

त्यांचा जन्म 12 मे 1820 रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरी एका श्रीमंत इंग्रज कुटुंबात झाला. 1837 साली, देव आपल्याला सेवेस बोलावीत आहे अशी त्यांची खात्री झाली. घरच्यांचा विरोध पुष्कळ वर्षे टिकला. अखेर 1851 साली जर्मनीत कैसर्सवर्थ येथे पाळक फ्लीडनर यांच्या संस्थेत त्यांनी रुग्णसेवेचे शिक्षण घेतले.

क्रिमियाच्या युद्धात, नोव्हेंबर 1854 मध्ये, 38 परिचारिकांसह त्या तुर्कस्तानातील स्कुटारीच्या लष्करी इस्पितळात पोहोचल्या. त्यांनी फरशा घासून घेतल्या, कपडे धुण्याची सोय केली, रुग्णांना चांगले अन्न मिळवून दिले. तरीही माणसे मरतच राहिली. फेब्रुवारी 1855 मध्ये मृत्यूचे प्रमाण शेकडा 42 पर्यंत चढले. मार्चमध्ये इंग्लंडहून आरोग्य आयोग आला व त्याने इमारतीच्या खाली पाहिले. तेथील गटारे तुंबलेली होती. पाणी ज्या वाटेने येई तिच्यात मेलेला घोडा पडला होता. गटारे धुऊन काढण्यात आली, घाण गाड्या भरून नेण्यात आली, भिंतींना चुना दिला, हवेसाठी झरोके उघडले. जूनपर्यंत मृत्यूचे प्रमाण शेकडा 2 च्या आसपास उतरले.

बाई मायदेशी परतल्या तेव्हा त्यांची कीर्ती सर्वत्र झाली होती. पुढे विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञांच्या साहाय्याने त्यांनी मृत्यूंचे आकडे मांडले. बहुतेक शिपाई जखमांनी नव्हे, तर टाळता येण्याजोग्या रोगांनी मेले, आणि ते त्यांच्या स्वतःच्या इस्पितळातही, हे त्यांत स्पष्ट दिसले. ही गोष्ट झाकून ठेवणे सोपे होते. त्यांनी ती 1858 साली रंगीत आकृत्या काढून अधिकाऱ्यांपुढे ठेवली.

त्यानंतर रुग्णसेवेवर लिहिलेल्या पुस्तकात त्यांनी घराच्या आरोग्याला स्वतंत्र प्रकरण दिले. शुद्ध हवा, शुद्ध पाणी, पाण्याचा निचरा, स्वच्छता व उजेड या पाच गोष्टींवाचून घर निरोगी राहत नाही, असे त्यांचे सांगणे होते. सदा बंद असलेली कोंदट खोली, भिंतीला वर्षानुवर्षे चिकटलेला कागद, मळके गालिचे, नेहमी ओली राहणारी दगडी मोरी यांकडे त्यांनी बोट दाखविले. कोरड्या फडक्याने झटकलेली धूळ खोलीतच राहते, म्हणून ओल्या फडक्याने पुसावे, असेही त्यांनी शिकविले. रोगजंतूंचा सिद्धांत त्यांना बरीच वर्षे पटला नव्हता. दूषित हवेलाच त्या दोष देत. तरी त्यांचे उपाय टिकले.

लेवीय 14 व्या अध्यायात हाच धडा त्याहून कितीतरी जुना आहे. भिंतीवर हिरवट किंवा तांबूस चट्टे दिसले, तर घरमालकाने स्वतः याजकाला कळवावे, घर सात दिवस बंद ठेवावे, चट्टा पसरला तर ते दगड काढून भिंती आतून खरवडाव्यात, अशी तेथे आज्ञा आहे. चट्ट्यावर नुसता लेप देण्याची मुभा तेथे नाही. आपण मात्र पाहुणे यायच्या आधी बुरशीवर रंग मारतो, किंवा कपाट सरकवून डाग झाकतो. गळका नळ, फुटलेले कौल किंवा तुंबलेली मोरी शोधली नाही, तर बुरशी पुन्हा येते, आणि घरातील मुलांचा व वृद्धांचा दमा-खोकला वाढतो.

नाइटिंगेलबाई हिंदुस्थानात कधी आल्या नाहीत. तरी येथील गावांच्या आरोग्यासाठी त्यांनी अनेक वर्षे लेखणी झिजविली. पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही त्यांचा पत्रव्यवहार होता. 13 ऑगस्ट 1910 रोजी त्या प्रभूत निजल्या. ईस्ट वेलो येथील थडग्यावर त्यांच्या नावाची केवळ आद्याक्षरे व जन्ममृत्यूच्या तारखा आहेत.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांना आमची विनंती आहे की, दिव्याची गोष्ट सांगून झाल्यावर त्या गटारांची व आकड्यांचीही सांगावी. घरात असो वा अंतःकरणात, जे लपलेले आहे ते उघडे केल्यावाचून शुद्ध होत नाही, हे मुलांना त्यातून समजेल.