पहिली तबकडी

आमच्या भिवंडीत शांतता ही तशी दुर्मीळच. लूमच्या खटखटाटात आम्ही वाढलो. तो थांबला की उलट झोपमोड व्हायची. म्हणूनच गेल्या वर्षी घरातला गिटारचा आवाज बंद झाला, तो मला चटकन जाणवला. धाकट्या चिरंजीवांनी मित्रांबरोबर पहिलंवहिलं गाणं ध्वनिमुद्रित केलं होतं, तेही पदरचे पैसे घालून. ऐकलं कोणी? आम्ही घरचे आणि चार मित्र. पोरानं गिटार कपाटावर टाकली आणि समजूत घालण्याचं काम सौ.ने माझ्यावर सोपवलं. उपदेश सुरू झाला की हल्लीची मुलं कानांत बोळे घालतात. तेव्हा गोष्ट सांगावी असं ठरवलं; आणि तीही त्याच्याच खोलीच्या भिंतीवर लटकणाऱ्या माणसाची. फ्रेडी मर्क्युरीची.

चिरंजीवांना ठाऊक होता तो वेम्ब्लीच्या मैदानावर मूठ उंचावून उभा असलेला सम्राट. मला सांगायचा होता तो त्याच्या कितीतरी आधीचा फारुख बलसारा.

५ सप्टेंबर १९४६ रोजी झांझिबारमध्ये एका पारशी कुटुंबात तो जन्मला. वडील बोमी ब्रिटिश सरकारच्या नोकरीत रोखपाल. मुलाला चांगलं शिक्षण मिळावं म्हणून आठ वर्षांच्या फारुखला त्यांनी समुद्रापार पाठवलं, ते थेट आपल्या पाचगणीला, सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात. आईबापांपासून हजारो मैल दूर राहिलेल्या या लाजाळू मुलाला तिथे पियानोनं आपलंसं केलं. दोस्तांनी त्याचा फ्रेडी केला आणि बाराव्या वर्षी चार मित्रांसह त्यानं शाळेतच ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला. सह्याद्रीच्या माथ्यावर, शाळेच्या कार्यक्रमांत हा मुलगा पियानो बडवत होता, हे आज सांगूनही खरं वाटत नाही.

पुढे तो झांझिबारला परतला आणि १९६४ साली तिथे क्रांती झाली. बलसारा कुटुंब जीव मुठीत धरून इंग्लंडला गेलं. फ्रेडीनं कलाशाळेत ग्राफिक्सचं शिक्षण घेतलं, हीथ्रो विमानतळावर सामान उचललं, केन्सिंग्टनच्या बाजारात जुने कपडे विकले. १९७० मध्ये ब्रायन मे आणि रॉजर टेलर यांच्याबरोबर त्याचा बँड जमला. त्याला ‘क्वीन’ हे नाव फ्रेडीनंच दिलं. पुढच्या वर्षी जॉन डीकन आला आणि चौकडी पुरी झाली.

आता त्या पहिल्या तबकडीची कथा. लंडनचा ट्रायडेंट स्टुडिओ तेव्हा मोठ्या नावांचा; डेव्हिड बोवी, एल्टन जॉन यांची गाणी तिथे ध्वनिमुद्रित झालेली. क्वीनशी करार झाला, पण वेळ मिळायचा तो पैसे मोजणाऱ्या गिऱ्हाइकांकडून उरलेला. बडे लोक गेले की ही पोरं आत शिरायची, अनेकदा रात्रीच्या रात्री. हे वाचताना मला माझे वडील आठवले. भारनियमनाच्या काळात वीज मध्यरात्री आली, तर ते मध्यरात्री उठून कारखान्यावर जायचे आणि आमच्या चार लूम सुरू व्हायच्या. उरलेल्या वेळात केलेलं काम कसं असतं, हे भिवंडीकराला वेगळं सांगावं लागत नाही.

तबकडी तयार झाली, पण ती काढायला कंपनी मिळेना. कित्येक महिने असेच गेले. अखेर १३ जुलै १९७३ रोजी ‘क्वीन’ याच नावाचा तो अल्बम बाजारात आला. पऱ्या, राजे आणि अद्भुत नगऱ्यांनी भरलेली लांबलचक गाणी, गिटारच्या थरांवर थर. आठवडाभर आधी त्यातलं एक गाणं स्वतंत्रपणे काढलं होतं. ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत त्याला जागाच मिळाली नाही. अल्बमचीही सुरुवातीला तीच गत. खुद्द या चौघांनाही त्यातल्या ढोलांचा कोंडलेला, मेलेला आवाज खटकत राहिला.

पण गंमत पाहा. त्याच तबकडीच्या शेवटी फ्रेडीनं एक तुकडा ठेवला होता. ‘सेव्हन सीज ऑफ राय’. जेमतेम सव्वा मिनिटाचा, शब्दांविना, गाणं अर्धवट सोडावं तसा. पुढच्या अल्बमसाठी त्यानं तो पूर्ण केला आणि १९७४ मध्ये तेच त्यांचं पहिलं गाजलेलं गाणं ठरलं. थेट दहाव्या क्रमांकावर! त्यापाठोपाठ लोकांनी पहिली तबकडीही शोधून काढली आणि ती चोविसाव्या क्रमांकापर्यंत चढली. नंतरचं सगळं जगजाहीर आहे. १९७५ ची ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ नऊ आठवडे अव्वल राहिली. १३ जुलै १९८५ रोजी, म्हणजे पहिल्या तबकडीला बरोबर बारा वर्षं झाली त्याच तारखेला, ‘लाइव्ह एड’मध्ये सुमारे ७२ हजार प्रेक्षकांना त्यानं वीसेक मिनिटं बोटांवर नाचवलं.

२४ नोव्हेंबर १९९१ रोजी एड्सनं फ्रेडी गेला, अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी. आजार जगाला कळला तो आदल्याच दिवशी. अंत्यसंस्काराला मात्र पारशी धर्मगुरू होते. फारुख बलसारा शेवटी आपल्या माणसांच्या प्रार्थनेत परतला.

आणि २०२४ साली ती पहिली तबकडी नव्यानं निघाली. ढोलांचा आवाज मोकळा केला, तेव्हा वगळलेलं एक गाणं परत घेतलं. सगळं यश पदरी असूनही त्यांनी ते पहिलं फसलेलं मूल टाकून दिलं नाही. पन्नास वर्षांनी का होईना, न्हाऊमाखू घातलं. फ्रेडी मात्र ते ऐकायला नव्हता, याची चुटपुट लागते.

ही सगळी गोष्ट मी चिरंजीवांना सांगितली. तात्पर्य सांगितलं नाही. फक्त तो सव्वा मिनिटाचा तुकडा आणि नंतर ते पुरं गाणं, अशी दोन्ही एकापाठोपाठ एक लावून दिली. तो काही बोलला नाही. परवा रात्री जाग आली, तर शेजारच्या कारखान्याच्या खटखटाटात आणखी एक आवाज मिसळला होता. तारा जुळवण्याचा. मी कूस बदलली आणि निवांत झोपलो.