रिमिक्सच्या ठेक्यामागचा आवाज : नाझिया हसन

मुंबई, दि. १३ ऑगस्ट : पॉप गायिका नाझिया हसन यांचा आज स्मृतिदिन. त्यांच्या गीतांवर आज थिरकणाऱ्या अनेकांचा जन्मही त्यांच्या निधनानंतरचा आहे. रिमिक्समुळे या पिढीला गाणे परिचयाचे झाले; गायिका झाली का, हा प्रश्न उरतो.

नाझिया यांचा जन्म ३ एप्रिल १९६५ रोजी कराचीत झाला. बालपण कराची व लंडन येथे गेले. फिरोज खान यांच्या ‘कुर्बानी’ (१९८०) या चित्रपटात बिद्दू यांनी संगीतबद्ध केलेले ‘आप जैसा कोई’ हे गीत त्यांनी गायिले आणि वयाच्या अवघ्या १५ व्या वर्षी फिल्मफेअर पुरस्कार पटकावला. १९८१ मध्ये बंधू झोहेब यांच्यासह आलेल्या ‘डिस्को दीवाने’ने चित्रपटाच्या आधाराविनाही पॉप संगीत भारतात लोकप्रिय होऊ शकते, हे दाखवून दिले.

याच गीताची नवी आवृत्ती २०१२ च्या ‘स्टुडंट ऑफ द इयर’मध्ये आली. विशाल-शेखर यांनी तीत सुनिधी चौहान व बेनी दयाल यांच्या जोडीला नाझिया यांचा मूळ आवाजही राखला. २०२२ च्या ‘ॲन ॲक्शन हीरो’मध्ये मात्र ‘आप जैसा कोई’ नव्या गायकांनी गायिले. चाल उरली, आवाज गेला.

नाझिया यांनी कायद्याचे शिक्षण घेतले व संयुक्त राष्ट्रसंघातही काम केले. १३ ऑगस्ट २००० रोजी लंडनमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. त्या ३५ वर्षांच्या होत्या. ठेका पिढीगणिक बदलणारच. त्यात मूळ गायिकेचा आवाज, निदान नाव तरी राहिले, तरच रिमिक्स हे तिचे स्मरण ठरेल.