बाबा आमटे यांची सायकलयात्रा

येरमाळा : सोलापूरहून धुळ्याकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर येरमाळ्याजवळ बालाघाटची डोंगररांग आडवी येते. येडेश्वरी देवीमुळे प्रसिद्ध असलेल्या या गावाजवळचा घाट मोटारीतून केव्हा संपला, हे प्रवाशाच्या ध्यानातही राहत नाही. सायकलस्वाराला मात्र तो पोटऱ्यांनी मोजावा लागतो. हल्ली लांब पल्ल्याच्या सायकल मोहिमा निघतात तेव्हा गिअरच्या हलक्या सायकली असतात, डोक्यावर हेल्मेट असते आणि पाणी, औषधे, सुटे भाग घेऊन एखादी मोटार मागून येत असते. असा ताफा घाट चढताना दिसला, की 1985 सालच्या एका मोहिमेची आठवण होते. कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघालेल्या त्या मोहिमेच्या नेत्याला सायकल चालवता येत नव्हती. त्याला धड बसताही येत नव्हते.

मुरलीधर देविदास आमटे हे त्यांचे नाव. 26 डिसेंबर 1914 रोजी वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे एका जमीनदार घराण्यात त्यांचा जन्म झाला. बाबा हे लहानपणीचे घरातले लाडके नाव पुढे जन्मभर टिकले. शिकारीसाठी स्वतःची बंदूक, फिरायला वेगवान मोटार, इंग्रजी चित्रपटांचे वेड, अशा ऐषारामात तारुण्य गेले. वकिलीची पदवी घेऊन त्यांनी वरोऱ्यात व्यवसाय सुरू केला. 1942 च्या आंदोलनात पकडलेल्या कार्यकर्त्यांच्या बचावासाठी ते धावले आणि तुरुंगातही गेले. गोऱ्या सैनिकांच्या तावडीतून एका मुलीला सोडवल्याबद्दल गांधीजींनी त्यांना अभय साधक ही उपाधी दिली.

या निर्भय माणसाला भीती कशाची वाटली, हे मराठी वाचकांना ठाऊक आहे. वरोऱ्यात मैला वाहण्याचे काम स्वतः करत असताना तुळशीराम नावाचा कुष्ठरोगी त्यांना पडलेला दिसला आणि ते तेथून पळाले. त्या पळण्याची लाज त्यांना स्वस्थ बसू देईना. ते परतले, त्यांनी त्याची शुश्रूषा केली. कलकत्त्याच्या ट्रॉपिकल मेडिसिन संस्थेत कुष्ठरोगाचे शिक्षण घेतले आणि पत्नी साधनाताई, दोन लहान मुले, सहा रुग्ण, एक लंगडी गाय व खिशातील चौदा रुपये एवढ्या भांडवलावर आनंदवन उभारायला घेतले. 1951 मध्ये विनोबांच्या हस्ते त्याचा औपचारिक प्रारंभ झाला. पुढे सोमनाथ आणि 1973 मध्ये हेमलकसा येथील लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. हा इतिहास वारंवार सांगितला जातो. सायकलयात्रेचा उल्लेख मात्र बहुधा एका ओळीत आटोपला जातो.

ती ज्या परिस्थितीत निघाली, ती ध्यानात घ्यायला हवी. जून 1984 मध्ये सुवर्णमंदिरात लष्करी कारवाई झाली, ऑक्टोबरच्या अखेरीस इंदिरा गांधींची हत्या झाली आणि पाठोपाठ दिल्लीत शिखांची कत्तल झाली. जुलै 1985 मध्ये पंजाब करार झाला. त्यावर सही करणारे संत लोंगोवाल पुढच्याच महिन्यात मारले गेले. माणसे एकमेकांकडे संशयाने पाहू लागली होती. सोमनाथच्या श्रमसंस्कार शिबिरांतून बाबांचा देशभरच्या तरुणांशी संबंध होता, आणि साने गुरुजींच्या आंतरभारतीचा विचार त्यांच्या मनात मुरलेला होता. त्यातून भारत जोडो अभियान आकाराला आले. (2022 मध्ये याच नावाने राजकीय पदयात्रा निघाल्यामुळे नव्या पिढीला हे नाव वेगळ्या संदर्भात परिचित आहे.)

डिसेंबर 1985 च्या अखेरच्या आठवड्यात 116 तरुण-तरुणी कन्याकुमारीहून निघाले. यात्रेच्या आरंभीच बाबांना 71 वर्षे पूर्ण झाली. मणक्यांच्या विकाराने त्यांना केवळ उभे राहता येई किंवा आडवे पडता येई. त्यामुळे मुले सायकलींवर आणि बाबा गाडीतल्या बिछान्यावर, असा हा प्रवास होता. खराब रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा त्या पाठीला काय सांगत असेल, याची कल्पना पाठदुखीने त्रस्त असलेल्या कोणालाही करता येईल.

एकूण अंतर 5,042 किलोमीटर आणि वेळ सुमारे साडेतीन महिने. म्हणजे सरासरी रोज 45 ते 50 किलोमीटर. निष्णात सायकलपटूला हा आकडा किरकोळ वाटेल. पण त्या काळी आपल्याकडे सायकल म्हणजे वीसेक किलो वजनाचे, बिनगिअरचे लोखंडी वाहन असे, आणि चढ लागला की उतरून ती ढकलणे क्रमप्राप्त होते. शिवाय 116 सायकली एकामागे एक लावल्या, तर रांग दोनशे मीटरहून अधिक लांब होते. तिचा वेग सर्वांत थकलेल्या स्वाराच्या वेगावर ठरतो. एका चाकातली हवा गेली, तरी थांबावे लागते. दोन वेळच्या जेवणाची अडीचशेच्या आसपास ताटे रोज नव्या गावात लागतात, आणि शंभराहून अधिक अंथरुणांसाठी छप्पर शोधावे लागते. यात्रा लोकांच्या आधाराशिवाय एक दिवसही पुढे सरकू शकत नव्हती. प्रस्तुत प्रतिनिधीला यातच तिचे मर्म दिसते. भाषा न समजणाऱ्या गावात भुकेल्या पोटी जाऊन थांबणे, हे भाषणाहून अवघड होते.

एप्रिल 1986 मध्ये यात्रा जम्मूला पोहोचली. तिने हिंसा थांबली, असे म्हणता येणार नाही. पंजाब त्यानंतरही अनेक वर्षे जळत राहिला. बाबांनाही हे कळत नव्हते, असे मानण्याचे कारण नाही. तरीही ते थांबले नाहीत. 1 नोव्हेंबर 1988 रोजी अरुणाचल प्रदेशातील इटानगरहून दुसरी यात्रा निघाली आणि 26 मार्च 1989 रोजी गुजरातच्या पश्चिम टोकावरील ओखा येथे पोहोचली. या वेळी 100 तरुण व 25 तरुणी होत्या आणि अंतर 7,546 किलोमीटर होते. पहिल्या खेपेपेक्षा दीडपट. बाबा पुन्हा बिछान्यावर आडवे पडूनच सोबत होते.

1985 मध्ये मॅगसेसे, 1986 मध्ये पद्मविभूषण, 1988 मध्ये संयुक्त राष्ट्रांचा मानवी हक्क पुरस्कार असे सन्मान याच काळात मिळाले. पद्म सन्मान त्यांनी नर्मदा खोऱ्यातील आदिवासींच्या प्रश्नावर 1991 मध्ये परत केले. तत्पूर्वी, 1990 मध्ये, आनंदवन सोडून ते नर्मदाकाठी कसरावद येथे राहायला गेले होते. अखेरच्या काळात ते आनंदवनात परतले. 9 फेब्रुवारी 2008 रोजी तेथेच त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या इच्छेनुसार दहन न करता त्यांचा देह आनंदवनाच्या मातीत पुरण्यात आला.