आयझेनहॉवर यांचे हृदय आणि कोलेस्टेरॉलचा आकडा

रक्ततपासणीचा रिपोर्ट हातात पडला की आपली नजर आधी एकच ओळ शोधते: टोटल कोलेस्टेरॉल. आकडा दोनशेच्या आत असला की आपण सुटकेचा नि:श्वास टाकतो आणि कागद फाइलमध्ये जातो. दोनशेच्या वर असला तर त्या दिवसापासून घरातले तूप, अंडी आणि तळण बंद. या एका आकड्यावर किती विसंबायचे, हे समजून घ्यायचे असेल तर अमेरिकेचे ३४वे अध्यक्ष ड्वाइट आयझेनहॉवर यांच्या आयुष्याची शेवटची चौदा वर्षे पाहावीत.

आयझेनहॉवर यांचा जन्म १४ ऑक्टोबर १८९० रोजी टेक्सासमधील डेनिसन या गावी झाला. दुसऱ्या महायुद्धात युरोपमधील दोस्त फौजांचे ते सरसेनापती होते. जून १९४४मध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सैन्य उतरवण्याचा निर्णय त्यांचाच. या काळात ते प्रचंड सिगारेट ओढत. दिवसाला चार पाकिटे, म्हणजे जवळजवळ ऐंशी सिगारेटी. झोप अपुरी आणि स्वभाव तापट. १९४९मध्ये प्रकृतीची तक्रार उद्भवल्यावर त्यांनी सिगारेट एका झटक्यात सोडली, ती कायमची. जानेवारी १९५३मध्ये ते अध्यक्ष झाले. वजन आटोक्यात होते, गोल्फचा व्यायाम नियमित होता, रक्तदाब अधूनमधून वाढे. एकूण कोलेस्टेरॉलची नोंद होती १६५. त्या काळी अमेरिकेत अडीचशेच्या आसपासचा आकडाही फारसा कोणाला खटकत नसे. कागदावर पाहता अध्यक्षांची तब्येत ठणठणीत होती.

सप्टेंबर १९५५मध्ये ते सुट्टीसाठी कोलोरॅडो राज्यात होते. २३ तारखेला डेन्व्हरमध्ये गोल्फ खेळताना परराष्ट्र खात्याच्या फोनसाठी त्यांना खेळ वारंवार थांबवावा लागला आणि ते चिडले. दुपारी कच्च्या कांद्याच्या चकत्यांसह हॅम्बर्गर खाल्ला. नंतर पोटात अस्वस्थ वाटू लागले, तेव्हा त्यांनी दोष कांद्याला दिला. मध्यरात्रीनंतर सासूबाईंच्या घरी छातीत जोराची कळ येऊन ते जागे झाले. त्यांचे वैयक्तिक डॉक्टर हॉवर्ड स्नायडर धावत आले. त्यांनी मॉर्फिन दिले आणि अध्यक्षांना झोप लागली. सकाळी वार्ताहरांना पोटाची तक्रार असल्याचे सांगण्यात आले. ईसीजी काढला गेला तो थेट दुपारी. त्यात हृदयविकाराचा मोठा झटका स्पष्ट दिसला आणि त्यांना लष्कराच्या फिट्झसिमन्स रुग्णालयात हलवण्यात आले. त्या वेळी ते ६४ वर्षांचे होते.

सोमवारी, २६ सप्टेंबरला, न्यूयॉर्कचा शेअर बाजार सुमारे साडेसहा टक्क्यांनी कोसळला. बॉस्टनहून आलेले प्रसिद्ध हृदयरोगतज्ज्ञ पॉल डडली व्हाइट यांनी वार्ताहरांसमोर हृदयाच्या रोहिणीत गुठळी कशी अडकते, स्नायूचा भाग कसा मरतो आणि तेथे व्रण कसा तयार होतो, हे साध्या भाषेत सांगितले. तोपर्यंत झटका आलेला माणूस कामातून गेला, असेच लोक धरून चालत. उपचार मोजकेच होते: विश्रांती, प्राणवायू, वेदनाशामके आणि रक्त पातळ ठेवणारी औषधे. अँजिओप्लास्टी नव्हती, बायपास नव्हते, स्टॅटिन नव्हते. तरीही सात आठवड्यांनी, ११ नोव्हेंबरला, अध्यक्ष रुग्णालयातून बाहेर पडले. पुढच्याच वर्षी ते पुन्हा निवडणूक लढले आणि जिंकले.

इथून त्यांची कोलेस्टेरॉलशी झुंज सुरू झाली. रक्ताची तपासणी वर्षातून अनेकदा होऊ लागली. लोणी आणि चरबीयुक्त पदार्थ कमी झाले, न्याहारी जवळपास नाहीशी झाली. वजन काटेकोर ठेवूनही आकडा मात्र चढतच गेला. त्याने अध्यक्ष इतके बेचैन होत, की एकदा तर डॉ. स्नायडर यांनी त्यांना खऱ्यापेक्षा कमी आकडा सांगितला. रुग्णाचा त्रागा वाचवण्यासाठी डॉक्टरने रुग्णाशीच केलेली ही लपवाछपवी होती. नोव्हेंबर १९५७मध्ये त्यांना सौम्य पक्षाघात झाला. त्यातून सावरून डिसेंबर १९५९मध्ये ते भारतात आले, तेव्हा दिल्लीच्या रस्त्यांवर त्यांच्या स्वागताला अफाट गर्दी लोटली होती. जानेवारी १९६१मध्ये त्यांनी पद सोडले, त्या सुमारास त्यांचे कोलेस्टेरॉल २५९ होते.

झटक्याआधी १६५ आणि एवढे पथ्य करून २५९. मग कोलेस्टेरॉलचा आणि हृदयाचा संबंध नाही, असे म्हणायचे का? तसे मुळीच नाही. संबंध पक्का आहे. रशियन संशोधक निकोलाय अनिचकोव्ह यांनी सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घालून त्यांच्या रोहिण्यांत थर साचतो, हे १९१३मध्येच दाखवले होते. पुढे माणसांवरील मोठ्या अभ्यासांतही तेच दिसले. अडचण होती ती त्या काळच्या मापात.

कोलेस्टेरॉल रक्तात एकटे फिरत नाही. ते प्रथिनांच्या कणांतून वाहून नेले जाते. एलडीएल कण ते रोहिणीच्या भिंतीत नेऊन टाकतात. एचडीएल कण ते भिंतीतून उचलून यकृताकडे परत नेण्यास मदत करतात. टोटल कोलेस्टेरॉल म्हणजे या सगळ्या कणांतल्या मालाची एकत्र बेरीज. बेरीज सारखी असली तरी आतला हिशेब वेगळा असू शकतो.

एक उदाहरण घेऊ. दोन व्यक्तींचे टोटल १६५च आहे. पहिल्याचे एचडीएल ३० आणि ट्रायग्लिसराइड २५०. दुसऱ्याचे एचडीएल ६० आणि ट्रायग्लिसराइड ७५. नेहमीच्या सूत्रानुसार ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग म्हणजे व्हीएलडीएल धरतात. टोटलमधून एचडीएल आणि व्हीएलडीएल वजा केले की पहिल्याचे एलडीएल ८५ येते, दुसऱ्याचे ९०. म्हणजे एलडीएल पाहिले तर पहिलाच बरा वाटेल. पण टोटलमधून फक्त एचडीएल वजा करा. पहिल्याचा आकडा १३५, दुसऱ्याचा १०५. याला नॉन-एचडीएल म्हणतात आणि रोहिणीत साचू शकणारा सगळा माल त्यात मोजला जातो. धोका पहिल्याला जास्त. कमी एचडीएल आणि जास्त ट्रायग्लिसराइड ही जोडी भारतीयांत बरीच आढळते, म्हणून ही एक वजाबाकी आपल्या रिपोर्टवर जरूर करून पाहावी. तिच्यासाठी वेगळे पैसे पडत नाहीत.

आयझेनहॉवर यांच्या १६५मध्ये काय दडले होते, ते त्या एका आकड्यातून कळणे शक्य नव्हते. शिवाय काही गोष्टी कोलेस्टेरॉलच्या तपासणीत उतरतच नाहीत. अनेक वर्षांच्या सिगारेटींनी रोहिण्यांच्या अस्तराला केलेली इजा त्यात दिसत नाही. सिगारेट सोडल्यावर धोका उतरतो, पण पूर्ण ओसरायला वर्षे लागतात. अधूनमधून उसळणारा रक्तदाबही त्यात दिसत नाही. मृत्यूनंतरच्या तपासणीत त्यांच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीत रक्तदाब चढवणारी एक छोटी गाठ सापडली. ती हयातीत कोणाच्या लक्षात आली नव्हती.

नोव्हेंबर १९६५मध्ये त्यांना पुन्हा झटका आला. १९६८मध्ये तर एकामागून एक झटके येत राहिले. २८ मार्च १९६९ रोजी वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड रुग्णालयात, वयाच्या ७८व्या वर्षी, हृदय निकामी होऊन त्यांचे निधन झाले. पहिले स्टॅटिन औषध अमेरिकेत बाजारात आले ते १९८७मध्ये. कोलेस्टेरॉलचा बराचसा भाग यकृत स्वतःच तयार करते, त्यामुळे नुसत्या पथ्याने आकडा काही जणांत फारसा उतरत नाही. आयझेनहॉवर यांचा निर्धार कमी पडला नव्हता. त्यांच्या डॉक्टरांच्या हाती औषधच नव्हते. आज ते आहे आणि स्वस्तही आहे. झटका येऊन गेलेल्या रुग्णाचे एलडीएल डॉक्टर ७०च्या खाली, अनेकदा ५५च्याही खाली आणू पाहतात. रिपोर्टवर छापलेली ‘नॉर्मल’ मर्यादा अशा रुग्णाला लागू नसते. ती पाहून परस्पर गोळी बंद करणे घातक ठरू शकते.

म्हणून रिपोर्ट वाचताना एवढे करावे. टोटलवर थांबू नये, एलडीएल आणि नॉन-एचडीएल पाहावे. त्याच्याशेजारी आपले वय, रक्तदाब, साखर, तंबाखू किंवा सिगारेटचे व्यसन आणि घरात कोणाला कमी वयात झटका आला होता का, हे लिहून काढावे आणि तो कागद डॉक्टरांना दाखवावा. घराण्यात असा इतिहास असेल तर लिपोप्रोटीन-ए ही तपासणी आयुष्यात एकदा करून घ्यावी का, हेही विचारावे. झटक्यानंतर एक-दोन दिवसांत कोलेस्टेरॉल तात्पुरते उतरते. त्या काळात आलेला कमी आकडा पाहून गाफील राहू नये.

आणि डेन्व्हरची ती रात्र लक्षात ठेवावी. छातीत किंवा पोटाच्या वरच्या भागात दाबल्यासारखे दुखू लागले, घाम फुटला, दम लागला, तर जेवणातल्या कांद्याला किंवा अ‍ॅसिडिटीला दोष देत सकाळची वाट पाहू नये. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. अध्यक्षांना ईसीजीसाठी दुपार उजाडावी लागली. तुमचा ईसीजी तासाभराच्या आत निघायला हवा, मग गेल्या महिन्यातला कोलेस्टेरॉलचा आकडा कितीही चांगला असो.