साळगावचा नवस आणि सूझांचा ख्रिस्त

बार्देशातील साळगाव येथे १२ एप्रिल १९२४ रोजी जन्मलेल्या न्यूटनला मृत्यूची ओळख फार लवकर झाली. तो तान्हा असतानाच वडील वारले. बहीणही बालपणीच गेली. पुढे त्याला देवी आल्या, तेव्हा विधवा आईने गोंयच्या सायबाला, संत फ्रान्सिस झेवियरला नवस केला : लेकरू वाचले तर त्याला पाद्री करीन. मुलगा वाचला. चेहऱ्यावर देवीचे व्रण राहिले आणि नावाआधी संताचे नाव आले. पाद्री मात्र तो झाला नाही. फ्रान्सिस न्यूटन सूझा चित्रकार झाले.

आई शिवणकामावर संसार चालवण्यासाठी मुंबईला आली आणि साळगाव मागे पडले. पोर्तुगीज अमलातील गावातून ब्रिटिश अमलातील महानगरात झालेले हे त्यांचे पहिले स्थलांतर. १९४० मध्ये त्यांनी जे. जे. कला विद्यालयात प्रवेश घेतला. राष्ट्रीय चळवळीतील सहभागामुळे १९४५ मध्ये त्यांना तेथून काढून टाकण्यात आले. १९४७ मध्ये रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे यांच्यासह त्यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन केला. दोनच वर्षांनी त्यांच्या चित्रांवर अश्लीलतेचा ठपका आला. १९४९ मध्ये सूझांनी लंडन गाठले.

तेथील पहिली वर्षे हलाखीची होती. दिवस पालटले ते १९५५ मध्ये. कवी स्टीफन स्पेंडर संपादक असलेल्या ‘एन्काउंटर’ मासिकात त्यांचा आत्मपर लेख आला आणि त्याच वर्षी ‘गॅलरी वन’मधील त्यांचे प्रदर्शन गाजले. लंडनच्या रसिकांना त्यांची ओळख पटवणाऱ्या त्या लेखात गोव्यातील गावाच्याच आठवणी होत्या.

चित्रांतही तेच गाव होते. मात्र माड, शेते आणि नदीकाठ दाखवणारे रम्य गोवे त्यांनी फारसे जपले नाही. त्यांच्या मनात ठसले होते ते चर्चचे भव्य अंतरंग, भरजरी वस्त्रांतील पाद्री, यातना भोगणारे संत आणि क्रुसावरचा रक्तबंबाळ ख्रिस्त. लहान मुलाला त्या वैभवाची भूल पडली होती आणि त्याचे भयही वाटले होते. दूर गेल्यावर ही दोन्ही भावने एकमेकांत मिसळली. जाड काळ्या रेषा, कपाळावर चढलेले डोळे, दातांच्या रांगा, बाणांनी विंधलेले चेहरे यांतून ती पुन्हापुन्हा उमटत राहिली. लंडनच्या टेट संग्रहालयात असलेले १९५९ चे ‘क्रुसिफिक्शन’ पाहावे. त्यातील काळवंडलेला, काटेरी ख्रिस्त भक्ताला दिलासा देत नाही. तो स्वतःच वेदनेत अडकलेला आहे.

१९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, तेव्हा सूझा लंडनमध्ये होते. ज्या राजवटीत ते जन्मले, ती संपली. तिच्या चर्चची सावली मात्र कॅनव्हासवरून हटली नाही. १९६७ मध्ये ते न्यूयॉर्कला गेले. तेथे लंडनइतका मान त्यांना मिळाला नाही, तरी हात थांबला नाही. छापील नियतकालिकांच्या पानांवरील शाई रसायनाने विरघळवून त्यांतूनही ते नवी चित्रे काढीत.

२८ मार्च २००२ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले आणि शिवडीच्या दफनभूमीत त्यांना चिरविश्रांती मिळाली. पुढे त्यांच्या ‘बर्थ’ या १९५५ च्या चित्राला २००८ मध्ये लिलावात सुमारे २५ लाख डॉलर मिळाले. ही किंमत पाहायला ते नव्हते.

लौकिक अर्थाने आईचा नवस फिटला नाही. मुलाने वेदीसमोर कधी मिस्सा म्हटला नाही; धर्मसत्तेच्या दांभिकतेवर तर त्याने कुंचल्यानेच कोरडे ओढले. तरीही त्याच वेदीवरचा क्रूस त्याने मुंबई, लंडन आणि न्यूयॉर्क असा जन्मभर वाहिला. साळगावच्या घरात परतून त्याला राहता आले नाही, आणि ते घर मनातून कधी रिकामेही करता आले नाही.