कमांडर नानावटी आणि मधले तीन तास

मनुष्यवधाचा प्रत्येक प्रकार हा खून नसतो, हे आपल्या फौजदारी कायद्यातील एक जुने आणि विवेकी तत्त्व आहे. गंभीर व आकस्मिक प्रक्षोभामुळे ज्याचा आत्मसंयम सुटला आणि त्याच अवस्थेत ज्याच्या हातून माणूस मारला गेला, त्याचा अपराध सदोष मनुष्यवधाचा; तो खुनाचा नव्हे. १८६० च्या दंडसंहितेतील कलम ३०० चा हा पहिला अपवाद १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेनेही कलम १०१ मध्ये कायम ठेवला आहे. एखादा खटला गाजू लागला की या दोन अपराधांमधील सीमारेषेवर जाहीर वाद झडतात आणि अशा वेळी एका नौदल अधिकाऱ्याचे नाव हटकून निघते. त्याची हकीकत मात्र बहुधा दंतकथेच्या रूपातच सांगितली जाते. म्हणून ती एकदा सरळपणे मांडणे इष्ट होय.

कावस माणेकशॉ नानावटी यांचा जन्म १९२५ मधला. पारशी कुटुंबातील हा तरुण नौदलात शिरला आणि भराभर वर चढला. १९४९ साली इंग्लंडमधील पोर्ट्समथ येथे त्यांनी एका इंग्रज युवतीशी विवाह केला. पुढे त्यांना दोन मुलगे व एक मुलगी झाली. १९५९ मध्ये ते ‘मैसूर’ या युद्धनौकेवरील दुसऱ्या क्रमांकाचे अधिकारी होते. देखणे, शिस्तप्रिय आणि वरिष्ठांच्या मर्जीतले म्हणून त्यांचा लौकिक होता; संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्याशीही त्यांचा परिचय होता. नौकेबरोबर त्यांना दीर्घकाळ मुंबईबाहेर राहावे लागे. या काळात मोटारींचे व्यापारी प्रेम आहुजा या कुटुंबस्नेह्याशी त्यांच्या पत्नीचे संबंध जुळले.

२७ एप्रिल १९५९ रोजी दुपारी पत्नीने या संबंधांची कबुली दिली. यानंतर जे घडले त्याचा क्रम नीट ध्यानात घ्यावयास हवा, कारण सारा कायदेशीर प्रश्न या क्रमातच सामावलेला आहे. दीडच्या सुमारास नानावटी घरातून निघाले. पत्नीला व मुलांना त्यांनी मेट्रो चित्रपटगृहात खेळासाठी सोडले. तेथून ते आपल्या नौकेवर गेले आणि रात्री एकट्याने मोटारीने अहमदनगरला जावयाचे आहे, अशी खोटी सबब सांगून रिव्हॉल्व्हर व सहा काडतुसे घेतली. मग ते आहुजा यांच्या कचेरीत गेले. तेथे ते न भेटल्याने नेपियन सी रोड भागातील त्यांच्या निवासस्थानी गेले, शयनगृहात शिरले आणि दार लावून घेतले. आहुजा नुकतेच स्नान करून कमरेला टॉवेल गुंडाळून उभे होते. चार वाजून वीस मिनिटांच्या सुमारास गोळ्या सुटल्या आणि आहुजा मरण पावले. नानावटी यांनी स्वतःहून पोलिसांच्या स्वाधीन होण्यात मात्र विलंब केला नाही.

सत्र न्यायालयात न्यायाधीश मेहता आणि नऊ जणांची ज्यूरी यांच्यासमोर खटला चालला. आरोप दोन होते, एक खुनाचा व दुसरा सदोष मनुष्यवधाचा. इकडे मुंबईत याच दोन शब्दांवरून घराघरांत वाद पेटला होता. करंजिया यांच्या ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने नानावटी यांची बाजू इतक्या आवेशाने उचलून धरली की पंचवीस पैशांचा अंक दोन रुपयांना विकला गेला असे सांगतात. मागणी व किंमत यांचा संबंध शिकविण्यासाठी अर्थशास्त्राच्या अध्यापकाला याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण. रस्त्यावर आहुजांच्या नावाचे टॉवेल आणि नानावटींच्या नावाची खेळण्यातली पिस्तुले विकली जाऊ लागली. कावसजी जहांगीर सभागृहात पारशी समाजाची प्रचंड सभा झाली. मृताच्या बाजूने बोलणारे त्याच्या सिंधी समाजाबाहेर फारसे कोणी नव्हते.

या गदारोळात एक गोष्ट जवळजवळ सर्वांच्याच नजरेतून निसटली. लोक प्रक्षोभाची भाषा बोलत होते; पण खुद्द नानावटी यांची न्यायालयातील कैफियत प्रक्षोभाची नव्हतीच. आहुजा पत्नीशी विवाह करून मुलांचा सांभाळ करतील काय, एवढे विचारण्यासाठी आपण गेलो होतो, त्यांनी उर्मट उत्तर दिले, झटापट झाली आणि तीत गोळ्या अपघाताने सुटल्या, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणजे जो बचाव जनतेने त्यांच्यासाठी मनोमन स्वीकारला होता, तो ते स्वतः मांडत नव्हते. २१ ऑक्टोबर १९५९ रोजी ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी त्यांना दोन्ही आरोपांतून निर्दोष ठरविले. न्यायाधीशांना हा कौल मान्य होण्यासारखा नव्हता; त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठविले.

११ मार्च १९६० रोजी न्यायमूर्ती शेलत व नाईक यांनी नानावटी यांना खुनाबद्दल दोषी ठरवून जन्मठेप दिली. त्याच दिवशी राज्यपाल श्रीप्रकाश यांनी शिक्षा स्थगित केली आणि आरोपी तुरुंगाऐवजी नौदलाच्या ताब्यात राहिला. पंतप्रधान नेहरूंनी या हुकुमाची पाठराखण केली. प्रकरण न्यायप्रविष्ट असताना राज्यपालांचा असा अधिकार चालणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सप्टेंबर १९६० मध्ये बहुमताने ठरविले, तेव्हा कोठे नानावटी यांना तुरुंगाची वाट धरावी लागली. सामान्य आरोपीच्या वाट्याला असा राज्यपाल येतो काय, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला होता आणि तो गैर नव्हता.

२४ नोव्हेंबर १९६१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अपील फेटाळले. अपघाताची कथा टिकली नाही. झटापट झाली असती तर कमरेचा टॉवेल जागच्या जागी राहिला नसता. प्रक्षोभाच्या पर्यायी मुद्द्यावर न्यायालयाने फार उदार भूमिका घेतली, हे फारसे सांगितले जात नाही. केवळ शब्दांनीही प्रक्षोभ होऊ शकतो, मृताच्या आधीच्या वर्तनाने तयार झालेली मनःस्थितीही विचारात घेता येते आणि आरोपी ज्या सामाजिक स्तरातला असेल त्या स्तरातील समंजस माणसाची कसोटी लावावयाची, हे न्यायालयाने मान्य केले. पण घातक कृती त्या प्रक्षोभातूनच झालेली असली पाहिजे, मन शांत व्हावयास अवधी मिळाल्यानंतर नव्हे. दीड ते चार वाजून वीस मिनिटे, म्हणजे जवळजवळ तीन तासांचा अवधी येथे मिळाला होता. चित्रपटगृह, नौका, शस्त्रागारातील खोटी सबब, कचेरी, मग घर. हा प्रवास संयम सुटलेल्या माणसाचा दिसत नाही. माझ्या मते हा निर्णय योग्यच होता. माणूस किती भला, हा लोकांचा प्रश्न होता; वेळ किती गेला, हा कायद्याचा.

ज्यूरीची पद्धत या एका खटल्याने बंद पडली, ही समजूतही दुरुस्त करावयास हवी. विधी आयोगाने ती रद्द करण्याची शिफारस १९५८ मध्येच, म्हणजे गोळ्या झाडल्या जाण्यापूर्वीच केली होती; १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला स्थान उरले नाही.

सुमारे तीन वर्षांच्या तुरुंगवासानंतर १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी नानावटी यांना माफी दिली. पारशी अधिकाऱ्याला माफी दिली तर सिंधी समाज दुखावेल, ही अडचण होती. ती कशी दूर झाली हे पाहण्यासारखे आहे. आयात परवान्याच्या गैरवापराबद्दल शिक्षा झालेले, पण गांधीधाम वसविणारे सिंधी नेते भाई प्रताप यांनाही त्याच सुमारास माफी देण्यात आली. मृताच्या बहिणीची संमतीही मिळविण्यात आली होती, असे तिचे वकील राम जेठमलानी यांनी पुढे सांगितले. परवाना राज्यातील एक शिक्षा आणि मनुष्यवधाची एक शिक्षा अशी तराजूच्या दोन पारड्यांत घालून दोन समाजांचे समाधान साधले गेले. या देवाणघेवाणीत आहुजा यांच्या जिवाची किंमत किती धरली गेली, हे कोणी विचारले नाही.

१९६८ मध्ये नानावटी पत्नी व मुलांसह कॅनडात गेले. ज्या विवाहापायी हे सारे घडले, तो टिकला होता. पुढील साडेतीन दशके त्यांनी तेथे प्रसिद्धीपासून दूर काढली. त्यांच्यावर चित्रपट निघाले, पुस्तके आली. पण त्यांनी स्वतः या वादात पुन्हा भाग घेतला नाही. २००३ मध्ये त्यांचे तेथेच निधन झाले.