निफाडचा अबोल मुलगा

निफाड म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? द्राक्षाचे मळे, लासलगाव मार्केटचा कांदा आणि थंडीच्या दिवसांत पेपरमध्ये हमखास येणारी बातमी, की निफाडचा पारा पुन्हा घसरला! मी निफाडची आहे असं सांगितलं की होस्टेलवर पहिला प्रश्न थंडीचा येतो आणि दुसरा, द्राक्षं कधी आणणार हा. पण आमच्या गावाची याहून मोठी एक ओळख आहे. १८ जानेवारी १८४२ रोजी निफाडमध्ये एक मुलगा जन्माला आला. त्याचं नाव महादेव गोविंद रानडे. पुढे सारा देश त्यांना न्यायमूर्ती रानडे म्हणून ओळखू लागला.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. तिथे रानडे म्हणजे इतिहासाच्या पुस्तकातल्या दोन ओळी आणि परीक्षेत जोड्या लावायला येणारं एक नाव. मागच्या दिवाळीच्या सुट्टीत आजोबांच्या कपाटात त्यांचं मराठी चरित्र सापडलं. माझा मराठी वाचायचा स्पीड तसा बेताचाच, त्यामुळे अख्खी सुट्टी त्यातच गेली. पण पुस्तक संपलं तेव्हा वाटलं, हे आपल्या कॉलेजमधल्या सगळ्यांना, विशेषतः फर्स्ट इयरच्या मुलामुलींना सांगायलाच हवं.

कारण काय, ते सांगते. बारावीपर्यंत आपण सगळे वर्गात पहिल्या पाचात असतो. इंजिनिअरिंगला आल्यावर कळतं की इथे प्रत्येक जणच पहिल्या पाचातला आहे! पहिला युनिट टेस्टचा रिझल्ट लागतो, कुणाचा एम-थ्री राहतो, कुणाला ओरलमध्ये तोंडच उघडता येत नाही. मग हळूहळू मनात बसतं की हुशारी ही जन्माला येतानाच घेऊन यावी लागते, आपण काही त्यातले नाही. त्यात प्लेसमेंटच्या सेमिनारला येणारे पाहुणे यशस्वी माणसाचे गुण सांगतात. स्मार्टनेस, कम्युनिकेशन, पर्सनॅलिटी वगैरे. आता गंमत बघा. सुरुवातीला रानड्यांकडे यातला एकही गुण नव्हता!

लहानपणी महादेव फार उशिरा आणि फार कमी बोलायचा. अंगानं जाड, स्वभावानं बुजरा. हा मुलगा जरा मंदच आहे, अशी घरच्यांना काळजी वाटायची. वडील गोविंदराव निफाडला सरकारी कचेरीत कारकून होते. नंतर त्यांना कोल्हापूर संस्थानात नोकरी मिळाली. तेव्हा रेल्वे नव्हती, त्यामुळे प्रवास बैलगाडीचा. त्या प्रवासातली एक गोष्ट चरित्रात आहे. रात्रीची वेळ, गाडीतले सगळे झोपलेले आणि गाडीला धक्का बसून अडीच वर्षांचा महादेव खाली रस्त्यावर पडला. गाडी तशीच पुढे गेली. मागून काका घोड्यावरून येत होते. पोरगं रडत बसलं नाही. घोड्याची चाहूल लागताच त्यानं काकांना हाक मारली आणि त्यांनी त्याला उचलून घेतलं. अबोल मुलगा, पण जिथे बोलायला हवं तिथे बरोबर बोलला!

त्यांची सोंगट्यांची गोष्ट तर पूर्वी शाळेच्या पुस्तकांतूनही असायची. एकदा खेळायला कुणीच नव्हतं, म्हणून महादेवनं घरातल्या खांबालाच भिडू केलं. एका हातानं खांबाचं दान टाकायचं, दुसऱ्या हातानं स्वतःचं. खेळात खांब जिंकला आणि महादेव हरला. बघणारे हसले. पण त्यानं खांबाचं एकही दान खोटं टाकलं नाही. मला वाटतं, कुणी बघत नसताना सुद्धा स्वतःशी खोटं न खेळणं हा अभ्यासातला पहिला गुण आहे. आपण जर्नल दुसऱ्याचं बघून उतरवतो, रीडिंग्ज आधी ठरवून मग ग्राफ काढतो, तेव्हा आपण कुणाशी खेळत असतो? खांबाशीच की!

कोल्हापुरात मराठी शाळा आणि मग इंग्रजी शाळा झाल्यावर १८५६ साली महादेव मुंबईला एल्फिन्स्टनमध्ये शिकायला गेला. १८५७ साली मुंबई विद्यापीठ सुरू झालं आणि १८५९ मध्ये त्याची पहिली प्रवेश परीक्षा झाली. ती पास झालेल्या मोजक्या मुलांत रानडे होते. १८६२ साली या विद्यापीठातून बी.ए. झालेले पहिले चार पदवीधर म्हणजे रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, वामन आबाजी मोडक आणि बाळ मंगेश वागळे. पुढे रानडे एम.ए. झाले आणि १८६६ मध्ये त्यांनी कायद्याची पदवी घेतली.

हे सगळं आपोआप झालं नाही. ते इतकं वाचायचे की डोळे दुखावले आणि जन्मभर अधू राहिले. नंतर तर पुष्कळसं वाचन दुसऱ्याकडून वाचून घेऊन आणि लेखन मजकूर सांगून करावं लागलं. डोळ्यांची अशी हेळसांड आपण कुणी करू नये, हे वेगळं सांगायला नको. पण डोळे गेले म्हणून अभ्यास थांबला नाही, त्यांनी अभ्यासाची पद्धत बदलली. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

कॉलेजात असताना त्यांनी एका निबंधात मराठ्यांच्या राज्याची तुलना इंग्रजी राज्याशी केली. ती प्रिन्सिपॉल सर अलेक्झांडर ग्रँट यांना आवडली नाही आणि त्यांनी रानड्यांची स्कॉलरशिप सहा महिने बंद केली. घरापासून लांब शिकणाऱ्या मुलाला सहा महिने स्कॉलरशिप बंद म्हणजे काय, हे आपल्यातल्या पुष्कळांना वेगळं सांगायला नको. पण रानडे चिडून कॉलेज सोडून गेले नाहीत आणि आपलं मतही त्यांनी सोडलं नाही. मराठ्यांच्या सत्तेचा उदय कसा झाला यावर त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिलं, ते १९०० साली प्रसिद्ध झालं. म्हणजे विद्यार्थी असताना मनात आलेल्या विषयाचा त्यांनी जवळपास चाळीस वर्षं पिच्छा सोडला नाही. आपण चार महिन्यांत प्रोजेक्टचा टॉपिक तीनदा बदलतो!

१८७१ साली ते पुण्यात न्यायाधीश म्हणून आले. दिवसा कोर्ट आणि उरलेल्या वेळात सार्वजनिक काम. गणेश वासुदेव जोशी म्हणजे सार्वजनिक काकांनी १८७० मध्ये सुरू केलेल्या सार्वजनिक सभेचं काम, वक्तृत्व वाढावं म्हणून सुरू झालेली आणि नंतर वसंत व्याख्यानमाला म्हणून नावाजलेली व्याख्यानं, लोकहितवादींच्या बरोबरीनं १८७८ मध्ये पुण्यात भरवलेलं ग्रंथकारांचं संमेलन. आजचं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आपली सुरुवात त्याच संमेलनापासून मोजतं. १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडानंतर सरकारला रानड्यांचाही संशय आला. त्यांची धुळ्याला बदली झाली आणि त्यांची पत्रं फोडून वाचली जाऊ लागली. रानड्यांनी तिथेही कोर्टाचं काम चोख केलं. शेवटी सरकारचाच संशय फिटला आणि १८९३ मध्ये ते मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले.

आता जे लिहायचं आहे ते जरा अवघड आहे. रानडे विधवाविवाहाचे उघड पुरस्कर्ते होते, त्यासाठी त्यांनी बहिष्कारही सोसला. १८७३ मध्ये त्यांची पहिली पत्नी वारली, तेव्हा ते एकतीस वर्षांचे होते. आता ते स्वतः विधवेशी लग्न करतील अशी मित्रांची अपेक्षा होती. पण वडिलांच्या आग्रहापुढे ते नमले आणि त्यांनी अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केलं. हे वाचून मला खूप राग आला. काळच तसा होता, हे उत्तर मला पटत नाही, कारण तो काळ चुकीचा आहे हे स्वतः रानडेच लोकांना सांगत होते. मोठ्या माणसांच्या चरित्रातलं हे पान गाळून पुढे जाऊ नये असं मला वाटतं. जे आपल्याला पटतं ते घरात वागून दाखवायला वेगळीच हिंमत लागते, आणि त्या दिवशी ती कमी पडली.

ती मुलगी म्हणजे रमाबाई. लग्न झालं तेव्हा त्यांना लिहिता वाचता येत नव्हतं. रानड्यांनी त्यांना लगेच शिकवायला सुरुवात केली. आधी मराठी, मग इंग्रजी. घरातल्या बायकांना ते मुळीच आवडत नव्हतं. टोमणे, अबोला, कामाचा बोजा, सगळं काही झालं. रमाबाई दिवसा घरकाम करायच्या आणि रात्री धडा तयार करायच्या. रानड्यांची बदली आपल्या नाशिकला झाली तेव्हा त्यांनी पहिलं जाहीर भाषण केलं. ते भाषण रानड्यांनीच लिहून दिलं होतं. पुढे मात्र रमाबाईंना कुणी भाषण लिहून द्यायची गरज उरली नाही. १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभं राहिलं त्यात त्यांचा मोठा वाटा होता. त्यांनी लिहिलेल्या आठवणींचं पुस्तक १९१० मध्ये आलं. रानडे घरात कसे होते हे आज आपल्याला कळतं ते त्यामुळेच. खरं सांगायचं तर या चरित्रात शून्यापासून सुरुवात करणारी सर्वांत मोठी विद्यार्थिनी मला रमाबाईच वाटतात. रानड्यांना निदान शाळा तरी मिळाली होती!

त्यांच्याच आठवणींतला एक प्रसंग मला सगळ्यांत जास्त आवडतो. १८८६ च्या सुमारास सरकारी वित्त समितीच्या कामासाठी रानडे कलकत्त्याला राहिले होते. वय चव्वेचाळीस, मोठे न्यायाधीश. तिथे त्यांनी बंगाली शिकायला घेतलं. सकाळी न्हावी दाढी करत असायचा आणि हे हातात बंगाली पुस्तक धरून अडलेल्या शब्दाचा उच्चार त्या न्हाव्याला विचारायचे! रमाबाईंना हसू आलं. यावर रानड्यांनी त्यांना दत्तात्रेयाच्या चोवीस गुरूंची आठवण करून दिली. शिकायचं असेल तर गुरू कोण आहे हे बघायचं नसतं, असा त्याचा अर्थ.

मित्रमैत्रिणींनो, मला सापडलेलं रानड्यांचं सिक्रेट हेच आहे. चव्वेचाळिसाव्या वर्षी सुद्धा बिगरीत बसायची त्यांना लाज वाटली नाही. आपल्याला विसाव्या वर्षी वाटते! लेक्चरमध्ये समजलं नाही तरी आपण हात वर करत नाही, कारण सगळे बघतील. वर्कशॉपमधल्या मामांना लेथवरचं काम आपल्यापेक्षा कितीतरी चांगलं येतं, पण त्यांना विचारायला कमीपणा वाटतो. ज्युनिअरला कोडिंग जास्त येत असेल तर त्याच्याकडून शिकणं म्हणजे तर फारच! आपण नवशिके आहोत हे कबूल केलं तरच पुढची पायरी दिसते. ज्याला सगळं येतं असं दाखवायचं असतं, तो तिथेच राहतो.

दुसरी गोष्ट धीराची. १८८७ च्या सुमारास गोपाळ कृष्ण गोखले रानड्यांच्या हाताखाली आले, तेव्हा ते फक्त एकवीस वर्षांचे होते, म्हणजे आपल्याच वयाचे. रानडे त्यांच्याकडून सरकारला पाठवायचे अर्ज आणि लेख तयार करून घ्यायचे. आकडे तपासायचे, पुन्हा लिहायचं. एका मोठ्या अर्जासाठी गोखल्यांनी खूप मेहनत घेतली आणि सरकारकडून उत्तर आलं जेमतेम दोन ओळींचं. ते निराश झाले. रानड्यांनी त्यांना समजावलं की हे अर्ज नावापुरते सरकारला असतात, खरे तर ते लोकांसाठी असतात. लोकांनी अशा प्रश्नांवर विचार करायला शिकावं म्हणून ते लिहायचे आणि फळाची वाट न बघता वर्षानुवर्षं लिहीत राहायचं. त्या एकवीस वर्षांच्या मुलाला पुढे महात्मा गांधींनी आपलं राजकीय गुरू मानलं. दोन ओळींच्या उत्तरातून काय उभं राहतं बघा.

आपल्यासारख्या इंजिनिअर होणाऱ्यांसाठी आणखी एक माहिती. देशात कारखाने उभे राहिल्याशिवाय गरिबी हटणार नाही हे रानडे त्या काळात सांगत होते. १८९० मध्ये पुण्यात औद्योगिक परिषद भरली त्यामागे ते होते. भारतातल्या लोखंडाच्या उद्योगावर या न्यायाधीशानं अभ्यास करून लेख लिहिला आहे. कायद्याचा माणूस लोखंड शिकतो आणि आपण मात्र आमच्या ब्रँचचं नाही म्हणून पुस्तक मिटतो!

१६ जानेवारी १९०१ रोजी मुंबईत रानड्यांचं निधन झालं. एकोणसाठावा वाढदिवस दोन दिवसांवर होता. १९४३ मध्ये त्यांच्या १०१ व्या जयंतीला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पुण्यात भाषण केलं आणि रानड्यांचं मोठेपण ठासून सांगितलं.

एवढं सगळं वाचून मी काही एकदम टॉपर झालेले नाही. पण लेक्चरला तिसऱ्या बाकावरून पहिल्या बाकावर आले आहे आणि न समजलेलं विचारते. काही जण हसतात. हसू देत. खांबाशी सोंगट्या खेळणाऱ्या मुलालाही लोक हसलेच होते. येत्या सेमिस्टरला तुमचाही एखादा पेपर अवघड जाईल, एखादं सबमिशन परत येईल, तेव्हा एवढंच आठवा की उशिरा बोलायला लागलेला निफाडचा तो मुलगा पुढे हायकोर्टाच्या न्यायासनावर बसला. मधल्या काळात त्यानं शिकणं एक दिवसही थांबवलं नाही.

आणि हो, द्राक्षं फेब्रुवारीत नक्की आणते!

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी